खर्ज्याचा डावा हात

आमच्या धाकट्याला गावभर खर्ज्या म्हणतात. तो एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. लांब मानेची, चार जाड तारांची, सगळ्यात खालचा सूर काढणारी ती गिटार. कार्यक्रम संपल्यावर कोणालाही विचारा, बेस कसा झाला, तर ते उलट मलाच विचारतात, कोणता तो? मागे बसची वाट बघत असल्यासारखा एकजण उभा होता, तो का? हो, तोच. तो माझा भाऊ. त्याने मधेच वाजवायचं थांबवलं तर मात्र सगळी माणसं इकडेतिकडे बघायला लागतात. काहीतरी गेलंय एवढं कळतं, काय गेलंय ते कळत नाही.

मी त्याची थोरली बहीण. वयाने मोठी, अकलेने मोठी, आणि हे त्याला रोज सांगावं लागतं. वडिलांचं फोटो फ्रेमचं दुकान आम्ही दोघं चालवतो. खाली दुकान, वर दोन खोल्या. काच कापायची, मोल्डिंग म्हणजे फ्रेमच्या लाकडी पट्ट्या कापायच्या, कोपरे जोडायचे ही त्याची कामं. गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि त्याच्यावर ओरडायचं ही माझी. लग्न त्यानेही केलं नाही, मीही नाही. सुरुवातीला लोकांनी फार चौकशा केल्या, मग तेच दमले.

आता गंमत बघा. दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "आईच्या फोटोला सोनेरी फ्रेम बरी की काळी?" हा म्हणतो, "तुमची मर्जी." ज्याच्यावर आमचं पोट चालतं त्याच्याबद्दल साहेबांना मत नाही. पण बेस गिटारचा विषय काढून बघा. माणूस हातातली करवत खाली ठेवतो. मग तुमचं काम त्या दिवशी होत नाही, उद्या या.

त्याची मतं मला झोपेत विचारलीत तरी सांगेन. तारा बदलायच्या नाहीत. नवी तार चमच्यांचा डबा पडल्यासारखी वाजते, जुनी मुरते. त्याच्या तारा किती जुन्या आहेत हे तो सांगत नाही आणि मी विचारत नाही, पण त्या ह्या दुकानाच्या पाटीपेक्षा जुन्या असाव्यात. तारांच्या खाली, बुडाशी, स्पंजचा तुकडा हवा. त्याने सूर गोल होतो म्हणे. तो स्पंज कुठून येतो? माझ्या मोरीतून. भांडी घासायचा नवा स्पंज आणला की दुसऱ्या दिवशी त्याचा कोपरा गायब. प्लास्टिकच्या टिकलीने तार छेडायची नाही, बोटं कशाला दिलीत मग? गिटार जड हवी. खांदा दुखला नाही तर वाजवलं काय? तारा चारच हव्यात. पाचवी तार घेणारा माणूस म्हणजे ज्याला चारांत काय करायचं ते कळलं नाही तो. आणि बेसवाल्याने पुढे येऊन एकट्याने वाजवून दाखवायचं नाही. घराच्या पायाने कधी दारात येऊन नाच केलाय का?

असली मतं एका माणसाची असती तरी खपून गेली असती. पण दर सुट्टीच्या दिवशी सकाळी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या रिपेअरवाल्याच्या दुकानात ह्या बेसवाल्यांचा अड्डा जमतो. रिपेअरवाला मान खाली घालून तारा ताणत असतो आणि हे त्याच्या स्टुलांवर बसून त्याचाच चहा पीत भांडतात. धाकट्याला डबा द्यायला, छत्री द्यायला म्हणून मी कितीदा तिथे गेलेय. बायका नळावर भांडतात म्हणे. ह्यांना एकदा बघा.

तिथला त्याचा ठरलेला प्रतिस्पर्धी म्हणजे पाचतारी. टेलिफोनच्या केबल टाकायचं काम करतो, आडवा बांधा, जाड मिश्या, आणि पाच तारांचा बेस वाजवतो, म्हणून नाव पाचतारी. दोघांचं वर्षानुवर्षं एकच भांडण. "चारांत भागत नाही का तुझं?" हा विचारायचा. "भागतं, पण मला ढेकर येईपर्यंत लागतं," तो म्हणायचा. मग दोघंही लाल.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. रिपेअरवाल्याच्या भिंतीवर एक आखूड मानेचा बेस लटकलेला असायचा. नेहमीच्यापेक्षा चार बोटं आखूड. कोणीतरी विकायला ठेवलेला, कोणी घेत नव्हतं. त्याला हे सगळे खेळणं म्हणायचे. पाळण्यावर टांगा, दात येणाऱ्या पोराला चावायला द्या, काय काय बोलायचे. आणि सगळ्यात मोठ्या आवाजात आमचा धाकटा. "हे ज्या दिवशी मी गळ्यात घालेन," तो त्या अड्ड्यात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "त्या दिवशी खर्ज्या संपला असं समजा." मी डबा घेऊन दारातच उभी होते. माणसाने एवढं तोंड टाकू नये, असं मी तेव्हाच मनात म्हटलं.

त्याच्या बँडची तालीम आठवड्यातून एकदा आमच्या दुकानात व्हायची. शटर अर्धं खाली ओढायचं, कापायचं टेबल भिंतीला लावायचं. बेकरीवाला ड्रम वाजवायचा. त्याच्या कोपरांना कायम पीठ. बँकेतला कॅशियर साधी गिटार वाजवायचा आणि सारखा ट्यून करत बसायचा. आणि गायची ड्रायव्हिंग स्कूल चालवणारी मॅडम. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून क्लच, क्लच, क्लच ओरडणारी बाई, पण गायला लागली की असा जाड, उबदार आवाज निघायचा की मी वरच्या खोलीतली कामं टाकून जिन्यात येऊन बसायचे.

दुकान काचांचं, आणि मधे बेस. धाकट्याने पहिल्या फ्रेटवरचा तो अगदी खालचा सूर धरला की समोरच्या भिंतीला टेकवलेली मोठी काच थरथरायची. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या त्या आडव्या तारेच्या रेघा. मॅडमची निम्मी गाणी त्याच सुरावर होती, त्यामुळे तालमीभर माझा जीव त्या काचेत. एक दिवस फुटणार आणि माझ्याच अंगावर येणार, असं मी धाकट्याला बजावायचे. तो म्हणायचा, "फुटत नाही ग ताई, तिला आवडतं ते."

मग ह्या वर्षी त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं. एका तालमीला तो मॅडमना म्हणाला, "तुमचा आवाज वर जास्त खुलतो. हे गाणं जरा वरच्या पट्टीत घेऊ या."

आता ती बाई. दिवसभर तिच्या कानावर काय पडतं, तर "मॅडम, ब्रेक कुठला?" तिच्या आवाजाचं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. ती खूश झाली. घेतलं वर. पुढच्या खेपेला हा म्हणाला, "अजून थोडं." मग दुसरं गाणं. मग तिसरं. बघता बघता सगळी गाणी इतकी चढली की वरच्या जागा आल्या की ती बाई टाचा उंच करायची. मी जिन्यात येऊन बसणं सोडून दिलं. दारात शेपटी अडकलेल्या मांजरीसारखं काहीतरी खालून ऐकू यायचं.

"अहो, माझा घसा बसलाय," ती एकदा म्हणाली. "सकाळी शिकाऊ माणसाला थांबा म्हणाले तर आवाजच फुटेना. तो गेला सरळ पुढे, फूटपाथवर."

"सवय होईल," धाकटा म्हणाला.

"सवय कशी होईल? जुन्या पट्टीत काय वाईट होतं?"

"जुन्या पट्टीत गाणं बसून जातं," हा म्हणाला. "आणि बेसचं मला कळतं की तुम्हाला?"

झालं. बाईने पर्स उचलली. पुढची तालीम आमच्या दुकानात नको, माझ्या ऑफिसात ठेवा, निदान तिथे माझं ऐकतात तरी, असं म्हणून ती अर्ध्या शटरखालून वाकून निघून गेली. कॅशियर गिटार ट्यून करत राहिला. बेकरीवाला जमिनीकडे बघत राहिला. सार्वजनिक बागेतला मोठा कार्यक्रम तोंडावर आला होता आणि ह्यांचं हे असं.

दोन दिवसांनी सकाळी बेकरीवाला दुकानात आला. हातात गरम पावांची पिशवी. ती माझ्यासमोर ठेवली, नाक खाजवलं, छताकडे बघितलं. "ताई, जरा बोलायचं होतं," म्हणाला. तेवढ्यात धाकटा काच घेऊन मागच्या खोलीतून आला. बेकरीवाल्याचा चेहरा पडला. "फ्रेम किती दिवसांत मिळते?" त्याने विचारलं. ज्या माणसाने जन्मात एक फोटो फ्रेम केला नाही तो. मी सांगितलं किती दिवसांत मिळते, तो बरं म्हणाला आणि निघून गेला. पाणी कुठेतरी मुरतंय हे मला तेव्हाच कळलं.

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी काउंटरवर बसून त्या भिंतीवरच्या मोठ्या काचेकडे बघत होते आणि एकदम लक्षात आलं की कितीतरी दिवसांत ती थरथरलीच नाही. गाणी वर गेल्यापासून तो खालचा सूर दुकानात वाजलाच नव्हता. मग मी धाकट्याकडे बघायला लागले, नीट. तो कोपरा जोडत होता. लहानपणापासून तो डाव्या हाताच्या पंजात दोन मोल्डिंग धरतो आणि उजव्याने खिळा मारतो, वडिलांनी तसंच शिकवलेलं. त्या दिवशी त्याने मोल्डिंग लोखंडी पकडीत आवळलं होतं आणि डावा हात मांडीवर ठेवला होता. मग आठवलं, सकाळी मुरंब्याच्या बरणीचं झाकण त्याने उघडून मागितलं होतं. माझ्याकडे. जो माणूस माझ्या हातून बरणी हिसकावून घ्यायचा तो.

"हात दाखव," मी म्हटलं.

"कशाला?"

"दाखव म्हटलं ना. डावा."

त्याने दाखवला. मी म्हटलं, बोटं फाकव. त्याने फाकवली, म्हणजे फाकवायचा प्रयत्न केला. करंगळी अर्ध्यात थांबली आणि अंगठ्याच्या मुळाशी मी बोट लावलं तर तो कळवळला.

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

"आणि मला सांगायचं नाही?"

मग हळूहळू त्याने सांगितलं. मानेच्या सुरुवातीचे फ्रेट लांब लांब असतात, तिथे बोटं ताणावी लागतात. वर सरकलं की फ्रेट जवळ जवळ येतात, तिथे दुखत नाही. म्हणून गाणी वर नेली. गाणं वर गेलं की त्याचा हातही मानेवर वर जातो, एवढीच सगळी करामत. मॅडमचा आवाज वर खुलतो वगैरे सगळं थाप.

"अरे पण तूच तेवढं वर वाजवायचंस," मी म्हटलं. "तोच सूर वरच्या जागी असतो ना? तिला कशाला नेलंस बरोबर?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी त्याला काच दातांनी कापायला सांगितलं. "तो सूर तोच नसतो ताई. वर गेला की हलका होतो. बेसवाल्याने खालचा सोडून वरचा वाजवायचा ही शुद्ध फसवणूक आहे."

"आणि त्या बाईचा गळा फाडलास ती फसवणूक नाही?"

तो पकडीतलं मोल्डिंग सोडवायला लागला. मी म्हटलं, राहू दे ते. तेव्हा तो जे बोलला ते मी विसरणार नाही. म्हणाला, "ताई, त्यांना हाताचं कळलं तर ते दुसरा बघतील. कार्यक्रम आलाय. लंगडा हात घेऊन कोण उभं करेल मला? आणि माझ्याकडे दुसरं आहे काय?"

मला भडभडून आलं. हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या आठवणी काचेत घालतो, आणि आठवड्यातून एकदा अर्ध्या शटरच्या आड खांब होऊन उभा राहतो, ते सुख त्याच्याकडून काढून घेतलं तर उरतं काय? पण मी थोरली, मी रडायला लागले तर त्याने काय करायचं? म्हणून मी त्याला गाढव म्हटलं, मूर्ख म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी ओढत डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर बाई भली होती. सांधा झिजलाय म्हणाली, गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं. "वाजवणं बंद करायचं का?" धाकट्याने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. "अजिबात नको," ती म्हणाली, "वाजवा. ताणू नका फक्त. तुमच्या त्या वाद्यात छोटं माप मिळत नाही का?"

मी धाकट्याकडे बघितलं. धाकटा पंख्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटी रिपेअरवाल्याकडे गेले. सुट्टीचा दिवस नव्हता म्हणून अड्डा नव्हता, नशीब. भिंतीवरच्या खेळण्याकडे बोट दाखवून म्हटलं, द्या. रिपेअरवाल्याने एक शब्द विचारला नाही. खाली काढला, फडक्याने पुसला, म्हणाला, "घेऊन जा. नाही पटला तर आणून द्या." मी तो चादरीत गुंडाळून घरी आणला. भावाची अब्रू आहे, उघड्यावर कशी नेणार?

धाकट्याने चादर उघडली आणि परत झाकली. "हे घरात कोणी आणलं?"

"मी. वाजवून बघ."

"मी मरेन पण हे वाजवणार नाही."

"मर मग, पण आधी बघ."

मी स्वयंपाकघरात निघून गेले. थोड्या वेळाने खोलीतून तक्रारी यायला लागल्या. आणि तक्रारीच्या मागोमाग सूर. "डोकं खाली झुकतंय ह्याचं," मग दोन सूर. "तार ढिली लागते, उकडलेल्या शेवयांसारखी," मग चार सूर. "हलका किती आहे, लाकूड आहे का पुठ्ठा?" मग एक अख्खी ओळ. "आवाज भुसभुशीत आहे," मग तीच ओळ परत, आणि मग परत. चहा गार झाला. मी दुसरा ठेवला, तोही गार झाला. त्याची नावं ठेवणं चालूच होतं, पण दोन तक्रारींमधलं वाजवणं लांबत चाललं होतं. शेवटी तक्रारी थांबल्या. मी दारातून डोकावून बघितलं तर साहेब खाटेवर बसलेत, डोळे मिटलेत, आणि मॅडमचं गाणं चाललंय. जुन्या पट्टीतलं. पहिल्या फ्रेटवर बोट, करंगळी सहज पुढे. कपाळावर आठी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतल्या स्पंजचा कोपरा गायब होता, तेव्हा समजले की सोयरीक जुळली.

आता राहिलं बँडला सांगणं. तालीम ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात होती. मी म्हटलं, मी येते बरोबर. तो म्हणाला, लहान आहे का मी? मी म्हटलं, वाटेतून पळून आलास तर? त्यावर तो चपला शोधायला लागला, म्हणजे विचार केलेला होता. आणि वाद्य न्यायचं कसं, तर जुन्या गिटारच्या लांब पेटीत. म्हणजे रस्त्याने बघणाऱ्याला काही कळू नये. आतलं खेळणं वाटभर मोठ्या पेटीत इकडून तिकडे आपटत होतं, वडिलांच्या बुटात घातलेल्या पोराच्या पायासारखं.

ऑफिस म्हणजे एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात सुटं स्टिअरिंग, खुर्च्या सगळ्या एका दिशेला. तिघंही आधीच येऊन बसले होते. ड्रम अजून कापडात होते. कॅशियरच्या हातात गिटार होती पण तो ती ट्यून करत नव्हता, आणि मला तेवढ्यावरून धसका बसला. मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. बेकरीवाला उठला, परत बसला. "खर्ज्या," तो म्हणाला, "बस जरा. बोलायचं होतं."

"आधी मी बोलतो," धाकटा म्हणाला, आणि त्याने पेटी उघडली.

मग कॅशियर वाकून म्हणाला, "गिटारला पोर झालं का रे?"

मला हसू आलं, पण धाकटा हसला नाही. त्याने तो आखूड बेस गळ्यात घातला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. हात, डॉक्टर, लांब फ्रेट, सगळं. मॅडमकडे तोंड करून म्हणाला, "तुमचा आवाज वर खुलत नाही. खालीच खुलतो. मला माहीत होतं. मी खोटं बोललो, कारण मला भीती वाटत होती. आता जुन्या पट्टीत एकदा म्हणा. नाही जमलं माझ्याकडून, तर मी स्वतः जातो."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. मग बेकरीवाल्याला मानेने खूण केली. त्याने कापड काढलं.

ते गाणं मी किती वेळा ऐकलं असेल. पण त्या दिवशी त्या बाईने पहिला शब्द घेतला आणि तिचे खांदे खाली आले. कितीतरी महिन्यांनी टाचा जमिनीवर होत्या. खाली धाकट्याचा सूर, जाड, गोल, तिला उचलून धरणारा. तो तिच्याकडे बघत नव्हता, बेकरीवाल्याच्या उजव्या पायाकडे बघत होता, तो नेहमी तिथेच बघतो. मी मात्र त्याची करंगळी बघत होते. पोचत होती.

गाणं संपल्यावर मॅडमनी डोळे पुसले आणि पुसता पुसताच बोलायला सुरुवात केली. "मूर्ख माणसा. रोज सकाळी गुळण्या करतेय मी तुझ्यामुळे. हाताचं कळलं तर काढतील म्हणून लपवलंस? अरे, आज तुला काढायलाच बसलो होतो आम्ही. हातासाठी नाही. त्या पट्टीसाठी."

धाकट्याने बेकरीवाल्याकडे बघितलं. बेकरीवाला लाल झाला होता. "मी दुकानात आलो होतो ना त्या दिवशी," तो पुटपुटला. "ताईंना सांगणार होतो. धीर झाला नाही. म्हणून मग फ्रेमचं विचारलं."

"आणि हाताचं आधीच सांगितलं असतंस तर?" कॅशियर म्हणाला. "हे पोर आम्हीच आणून दिलं असतं तुला."

धाकटा मटकन खुर्चीवर बसला, बेस गळ्यात तसाच. हसावं की काय करावं त्याला कळेना. ज्या गोष्टीच्या भीतीने एवढं सगळं केलं, तीच गोष्ट त्या करण्यानेच घडायला आली होती. मी म्हटलं, बघ, तुला मी रोज काय सांगते. अक्कल कोणाची मोठी?

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेकरीवाल्याने कपाळाला हात लावला. "अरे देवा. ह्याला नको म्हणून कळवायचं राहिलं."

दारात पाचतारी उभा होता. पाठीवर मोठी काळी बॅग. नव्या बेसवाल्याला आजपासूनच घ्यायचं ठरलं होतं, आणि तो नवा म्हणजे हा. त्याने खोलीत बघितलं, आमचे चेहरे बघितले, आणि मग धाकट्याच्या गळ्यातलं खेळणं बघितलं.

धाकटा उभा राहिला. वर्षानुवर्षं ह्याने त्या माणसाला सगळ्यांसमोर टोमणे मारले होते, आणि आता वसुलीची वेळ आली होती. मी पदर खोचून तयार होते. एक वेडावाकडा शब्द त्याने काढला असता तर त्या सुट्या स्टिअरिंगने त्याला हाणलं असतं.

पाचतारीने बॅग भिंतीला टेकवली. जवळ आला. बेसकडे बघितलं, मग धाकट्याच्या डाव्या हाताकडे.

"ह्याने दुखत नाही?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," धाकटा म्हणाला.

"खरंच? पहिल्या फ्रेटला पण?"

"पहिल्याला पण."

पाचतारीने शर्टाची बाही मागे सारली. मनगटापासून अंगठ्यापर्यंत कातडीच्या रंगाचा पट्टा घट्ट बांधलेला होता. "पाचव्या तारेवर तेच खालचे सूर वरच्या फ्रेटवर मिळतात," तो म्हणाला. "ताणावं लागत नाही. म्हणून घेतली. आता तिथेही दुखतं."

धाकटा त्या पट्ट्याकडे बघत राहिला. "मग बोलला का नाहीस कधी? दर आठवड्याला भेटतो आपण."

"कोणाला बोलू?" पाचतारी म्हणाला. "तुला?"

धाकट्याने मान खाली घातली. मग गळ्यातला बेस काढला, पाचतारीच्या गळ्यात घातला, आणि त्याच्या पोटाच्या मानाने बेसचा पट्टा सैल करत म्हणाला, "अंगठा मागे सैल सोड. दाबू नकोस. हं, आता वाजव."